एएलएस झालेल्या माणसाच्या जगण्यात काही उरतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉनचा आजार, निघालाय, बोलणं जड झालंय आणि नातेवाईक म्हणतात, 'आता त्यांच्या जगण्यात काय उरलंय?'

माझ्या आईला हाच आजार होता. निदानानंतर ती सव्वाचार वर्षं जगली. शेवटची दोन वर्षं तिला मानेखाली काहीच हलवता येत नव्हतं. तरीही ती वर्षं वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही.

या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. पण स्पर्श कळतो, दिसतं, ऐकू येतं, आणि डोळ्यांची हालचाल बहुतेकांची खूप उशिरापर्यंत टिकते. काहींच्या विचारांवर, वागण्यावर परिणाम होतो, तरी बहुतेकांना आजूबाजूचं सगळं समजत असतं. आईच्या उशाशी उभे राहून 'हिला कळतं का?' असं मला विचारणारे पाहुणे आठवले की अजून जीव तुटतो.

आवाज गेल्यावर आम्ही एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली. क-ची ओळ, च-ची ओळ, ट, त, प, य. मी ओळींवरून बोट फिरवायचे, हवी ती ओळ आली की आई डोळे वर करायची, मग त्या ओळीतलं अक्षर. काना-मात्रा विचारत बसलं की एकेका शब्दाला पाच मिनिटं लागायची, म्हणून तिनेच त्या सोडून दिल्या. एका दुपारी तिने लावलं : भ ज त म ठ न ह. मी वहीत लिहून घेतलं आणि बघत बसले. भाजीत मीठ नाही! भरवलेल्या दुधीत मी खरंच मीठ घालायला विसरले होते. मला रडू फुटलं आणि ती डोळ्यांनी हसत होती. त्या दिवसापासून स्वयंपाकात काय करायचं ते पुन्हा आई ठरवू लागली.

जवळच्यांना रुग्णाचं जगणं जितकं वाईट वाटतं तितकं ते बऱ्याचदा रुग्णाला स्वतःला वाटत नाही, हे या आजारावरच्या अभ्यासांतही दिसलंय.

खोटी आशा मात्र देणार नाही. हाच आजार असलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग निदानानंतर ५५ वर्षं जगले, पण ते अगदी विरळा उदाहरण. बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षं मिळतात, आणि या आजारावरच्या रिलुझोल गोळीने काही महिन्यांचाच फरक पडतो. आईला खरा आराम रात्री लावायच्या बायपॅप मशीनने, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राने, दिला. सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंगणं हे श्वास कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं, हे आम्हाला उशिरा कळलं. पाण्याने ठसका लागत असेल तर दाटसर पदार्थ देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. अन्न देण्यासाठी पोटातून नळी बसवायची असेल तर श्वास फार खालावण्याआधी बसवतात, त्यामुळे तो विषय आताच काढा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा, २०१६ च्या कायद्यात मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार आहेत.

आणि हे सगळं वडिलांना वगळून ठरवू नका. आमच्याकडे डॉक्टर माझ्याशीच बोलायचे आणि मीही आईकडे न बघताच उत्तरं द्यायचे. नळी हवी का, शेवटी व्हेंटिलेटर हवा का, हे तिला विचारलं तेव्हा तिचा आवाज गेला होता, आणि एवढ्या मोठ्या प्रश्नांची उत्तरं तिला एकेका अक्षराने द्यावी लागली. तुमच्या वडिलांचं बोलणं जड झालंय, पण ते तुम्हाला अजून समजतंय ना? मग या रविवारीच त्यांच्याजवळ बसा.