पहिला महिना एकाच साधनाचा

ताई, शिकवण्यासाठी ऑनलाइन साधने वापरायला सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारलेत. इंदूरमध्ये आपले विद्यार्थी घरी मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलतात, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका रोजच्याच. म्हणून पहिला महिना आपण फक्त गूगल फॉर्म्स, म्हणजे ऑनलाइन प्रश्नावली तयार करण्याचे साधन, हाताळावे आणि शुद्धलेखनाची पाच प्रश्नांची चाचणी तयार करावी. सेटिंगमध्ये ‘क्विझ’ चालू करून उत्तरसूची भरली, की बहुपर्यायी प्रश्नांचे गुण आपोआप पडतात. लघुत्तरे मात्र आपण स्वतः तपासावीत, कारण तिथे उत्तर तंतोतंत जुळावे लागते आणि एखादा जास्तीचा पूर्णविरामही बरोबर उत्तराला चूक ठरवतो. गूगल क्लासरूमकडे, म्हणजे मुलांना ऑनलाइन स्वाध्याय देण्याच्या साधनाकडे, त्यानंतर वळावे. तिथे स्वाध्याय पाठवण्यापूर्वीच प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळी प्रत काढण्याचा पर्याय निवडावा; मी तो एकदा विसरलो, तेव्हा मुलांना पान नुसते वाचता आले, लिहिता कोणालाच येईना.