लॅप स्टील घ्यायचीय ना, मग आधी हे वाच

अगं,

तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. त्यातल्या लाल चकचकीत गिटारीचा नाद आधी सोड, तिथे सगळे पैसे रंगाचे आहेत.

तुझ्या आईचं म्हणणं, स्वस्तातलं वाद्य म्हणजे पैसे पाण्यात. साध्या गिटारीच्या बाबतीत तिचं खरं आहे. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) वर-खाली, मान वाकलेली, तारा इतक्या उंच की बोटं सोलवटून निघतात आणि महिन्याभरात गिटार कपाटावर जाते. लॅप स्टीलला यातलं फारसं काही लागू होत नाही. इथे तार पट्टीवर दाबायचीच नसते. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातातला बार, म्हणजे धातूची जड कांडी, तारांवर नुसता टेकवून सरकवायचा. फ्रेटच्या जागी फक्त रेघा. मग उरतं काय? एक सरळ फळी, सहा खुंट्या, तारांचा आवाज पकडणारा एक पिकअप, दोन नॉब. म्हणून या एका वाद्याच्या बाबतीत मी बिनधास्त स्वस्तातलं घे म्हणतो. आणि ही काही तडजोड नव्हे. अमेरिकेत १९३२ च्या सुमारास बाजारात आलेली रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक गिटार लॅप स्टीलच होती. आकारावरून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणायचे.

पण त्याआधी एक विचारतो. दादाची अकूस्टिक गिटार अजून माळ्यावर आहे ना? ती काढ. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत किंवा ऑनलाइन ‘नट एक्स्टेंडर’ माग. धातूचा बोटभर तुकडा असतो, वर सहा खाचा. नट म्हणजे खुंट्यांच्या बाजूची, तारा ज्यावर टेकतात ती खाचांची पट्टी. तारा सैल करायच्या, तो मूळ नटावर टोपीसारखा बसवायचा, तारा पुन्हा चढवायच्या. चिकटवायची गरज नाही, तारांच्या ताणाने बसतो. तारा उंच झाल्या की बार फ्रेटवर आपटत नाही आणि तुझी लॅप गिटार तयार. पुढेमागे नको वाटलं तर काढून टाक, दादाची गिटार जशीच्या तशी.

सूर ओपन डीमध्ये लाव, म्हणजे तारा मोकळ्या छेडल्या तरी डीचा मेळ वाजेल. सहावी तार ई वरून डी, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. पाचवी आणि चौथी आहेत तशाच राहतात. यात एकही तार वर चढत नाही, त्यामुळे गिटारीच्या मानेवर जादा ताण येत नाही. डीला सा धरलास तर जाड तारेकडून सा प सा ग प सा मिळतात. पाचव्या रेघेवर सा सरकून म होतो, सातव्यावर प, बाराव्यावर वरचा सा. फोनवर तानपुरा लाव आणि एकाच तारेवर सा ते प ये-जा कर. बार रेघेच्या मागे नाही, बरोबर वर हवा, आणि शेवटचा निवाडा कानाचा. दरबारी, मालकंस वाजवायचा हट्ट आत्ता नको. त्यांना कोमल ग लागतो, पण मोकळ्या तारेचा शुद्ध ग मध्येच वाजत राहील आणि ती तार गप्प करायला हात अजून तयार नाही.

हे करून बघितल्यावरही लॅप स्टीलच हवी वाटली, तर घे. दुकानात जाताना पर्समध्ये स्टीलची फूटपट्टी आणि मोजायची टेप टाक. फूटपट्टी नटाजवळ सहाही तारांवर आडवी ठेव आणि डोळे तारांच्या पातळीला आणून उजेडाकडे बघ. पट्टीखाली एखाद्या तारेशी फट दिसली, तर ती तार बारला नीट लागणार नाही. मग तू बार दाबशील आणि दाबला की सूर चढलाच. दुसऱ्या टोकाला तारा टेकतात त्या ब्रिजपाशीही तेच कर. मग टेपने नटापासून बाराव्या रेघेपर्यंत आणि तिथून ब्रिजपर्यंत मोज, दोन्ही अंतरं सारखी भरली पाहिजेत. स्केल, म्हणजे नट ते ब्रिज अंतर, साडेबावीस इंच असेल तर सव्वाअकरा-सव्वाअकरा. स्वस्त मालात रेघा सरकलेल्या सापडतात आणि नवशिक्याचे डोळे रेघांवरच असतात. प्रत्येक खुंटी फिरवून बघ, मध्येच अडकून एकदम उडी मारणारी नको. बाकी पिकअप, नॉब पुढे बदलता येतात.

वाचलेले पैसे बारवर घाल. सहाही तारा झाकेल एवढा लांब आणि हाताला वजन जाणवेल असा हवा. पकडायला दोन्ही बाजूंना खोबणी असलेला घे, गुळगुळीत गोल बार सुरुवातीला निसटतो. त्यावर नख फिरवून बघ. नखाला ओरखडा लागला तर तो तारेवरही खरखरणार. बोटात घालायची काचेची नळी कोणी गळ्यात मारू पाहील, ती या कामाची नाही. तारा जाड घे. स्केल आखूड म्हणून ताण आधीच कमी, त्यात पातळ तारा बारखाली लोळतात. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा पुसल्या नाहीस तर गणपतीपर्यंत गंज धरलाच समज.

अँप मोठा नको. तुमच्या चाळीत शेजारी भिंतीला लागून आहेत, हेडफोनचा छोटा अँप पुरे. घरघर आली तर ट्यूबलाइटपासून लांब बस, थोडी दिशा बदलून बघ. तारांना हात लागताच घरघर कमी होणं नेहमीचंच आहे, पण हाताला झिणझिण्या आल्या तर ताबडतोब प्लग काढ आणि आधी वायरमनला बोलाव. जुन्या इमारतींतल्या अर्थिंगवर माझा विश्वास नाही.

आणखी एक ठरवून टाक, तुला नक्की काय वाजवायचंय? गिटारवादक व्हॅन शिप्ले जुन्या हिंदी गाण्यांच्या धुना वाजवायचे, तो आवाज हवा असेल तर इलेक्ट्रिक फळीच बरोबर. पण गिटारवर रागदारी वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा किंवा विश्वमोहन भट्ट ऐकून वेड लागलं असेल, तर वाट वेगळी आहे. ती पोकळ गिटार. भट्टांनी तर तिला तरफेच्या (आपोआप घुमणाऱ्या) तारा लावून मोहनवीणा केली, १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमीही मिळालं. तसं असेल तर कोलकात्यात बनलेली जुनी हवाईयन गिटार सेकंडहँड शोध. चोर बाजारातही एक चक्कर मार, मात्र पोट फुगलेली किंवा ब्रिज उचललेला दिसला तर फुकटही घेऊ नकोस.

परदेशी साइटवरची मागवणार असशील तर छापील किमतीवर जाऊ नकोस, भाडं आणि कस्टम ड्युटी धरून आकडा काढ आणि तो मला पाठव. तोवर नट एक्स्टेंडर आण. शनिवारी संध्याकाळी मी घरी आहे, दादाची गिटार घेऊन ये, तारा आपण मिळून चढवू.

तुझा,
काका