कला शाखेचे प्राध्यापक संशोधन म्हणजे नेमकं करतात तरी काय?

तुम्ही विचारलंय की ना प्रयोगशाळा, ना पेटंट, मग इतिहास आणि समाजशास्त्राची प्राध्यापक मंडळी संशोधन म्हणजे चार पुस्तकांतून पाचवं काढतात का? टोमणा झोंबला, कारण असं पाचवं पुस्तक मीही पाहिलंय. नागपुरात एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो, तेव्हा माझ्यापुरतं सांगतो.

मी सध्या मामा तलावांमागे लागलोय. 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्यांना पाणी देणारे हे तलाव हजारोंनी आहेत. यातले बरेचसे तर मालगुजारीच्याही आधीचे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना, गावाची मालकी दिली, १९५० च्या कायद्यानं ती गेली आणि तलाव सरकारजमा झाले. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, म्हणून महसुलाचे जुने कागद आमच्या गावात सापडतात. हे सुख पुण्यामुंबईच्या मित्रांना नाही!

आता प्रत्यक्ष काम. दप्तरात बसायचं, अर्ज लिहायचा, बस्ता येईपर्यंत वाट पाहायची. फडकं सोडलं की आधी धूळ, मग शिंका. कडा इतक्या ठिसूळ की पान उलटताना श्वास धरावा लागतो. दिवसभरात पाच-सात पानं कामाची निघाली तर तो दिवस चांगला. काही मजकूर मोडीत असतो. मोडी मी चाळिशीत शिकलो आणि अजूनही 'न' आणि 'त' मध्ये फसतो. वाजिब-उल-अर्ज नावाचा एक कागद असतो, त्यात गावचे रिवाज नोंदलेले: चराई कोणाची, पाणी कसं द्यायचं, सरपण कुठून आणायचं.

एका गावच्या कागदात तलावाचा मालक म्हणून एकच नाव होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या गावी गेलो आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून विचारलं, तलाव कोणाचा? पाच उत्तरं मिळाली. एक म्हणाला सरकारचा. एक म्हणाला, ज्यांच्या बांध्या खाली आहेत त्यांचा. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, सोसायटीतला माणूस म्हणाला, मासोळी आमची म्हणजे तलाव आमचा. जुन्या मालगुजाराचा नातू नुसताच हसला. आणि एक म्हातारी बाई म्हणाली, "सर, पाणी सर्वायचं, अन् गाळ कोणाचाच नाही."

ते वाक्य मी वहीत लिहिलं आणि रात्री बसच्या प्रवासात माझा अर्धा प्रबंध मोडला. मी इतके दिवस 'मालक कोण' हे शोधत होतो. खरं तर पाण्याचा हक्क एकाचा, मासळीचा दुसऱ्याचा, पाळ दुरुस्त करायचं ओझं तिसऱ्यावर, अशी ती वाटणी होती. सारा ज्याच्याकडून घ्यायचा त्याचं नाव कागदानं धरलं, बाकीचे सुटले. बायका तर त्यात कुठेच नव्हत्या. तलाव गाळानं का भरले, याचं निदान माझ्या मते निम्मं इथंच आहे. कागद माणसांसमोर ठेवायचा आणि दोन्ही कुठे जुळत नाहीत ते पाहायचं. माझी प्रयोगशाळा म्हणाल तर एवढीच.

नागपूरला ही सवय जुनी आहे. वा. वि. मिराशी इथे संस्कृत शिकवत आणि ताम्रपट वाचत. त्यांनी संपादलेला वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या लेखांचा खंड १९६३ साली आला. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, हे अशाच वाचनातून पक्कं झालं. शां. भा. देवांनी विद्यापीठातर्फे नागपूरजवळच्या माहुरझरीची शिळावर्तुळं, म्हणजे दगडांची वर्तुळं रचलेली प्राचीन दफनं, उकरली. तेव्हा एका ताम्रपटावर वर्षं घालवली तरी चालत असावं.

आता आठवड्याला सोळा तासांचं अध्यापन असतं, पेपर तपासणं असतं, नॅक म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची कागदपत्रं असतात आणि वर बढतीसाठी छापलेल्या लेखांचे गुण. गुण आले तसा पैसे घेऊन लेख छापायचा धंदाही आला. मीसुद्धा एकदा घाईत एका नियतकालिकाला पैसे भरले. तीन दिवसांत 'उत्कृष्ट' म्हणून लेख स्वीकारला आणि छापताना गावाचंच नाव चुकवलं. वाचला असता तर चुकलं नसतं. तो लेख मी कोणाला दाखवत नाही, गुण मात्र घेतले.

उपयोग काय, असंही विचारलंय तुम्ही. पेटंट नाही, खरंच. पण गाळ काढायची योजना आखणाऱ्यानं ढिवरांना आधी विचारलं नाही, तर उन्हाळ्यात तलाव रिकामा करताना मासोळीचं बियाणंही जातं. ते भांडण मी पाळीवर बसून ऐकलंय.

स्वतः तपासायचं असेल तर शोधगंगा या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्याचं नाव टाका आणि एखादा प्रबंध उघडा. आधी ऋणनिर्देश वाचा. त्यात गावातल्या माणसांचे आभार नसतील, नुसते मार्गदर्शक आणि टंकलेखक असतील, तर पुढचा उघडा.