दिव्यांग व्यक्तीच्या निवासी संगोपनाचा खर्च उचलताना

प्रश्न : हलाखीत असलेल्या कुटुंबातील एका दिव्यांग व्यक्तीच्या निवासी संगोपनाचा खर्च दरमहा उचलण्याची आमची इच्छा आहे. संस्थेला पैसे देण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर : संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब आपण पाहालच, त्याहून अधिक वेळ मात्र प्रत्यक्ष भेटीसाठी ठेवावा. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली जाते का, रात्रपाळीला पुरेसे मदतनीस असतात का आणि भरवणारा माणूस घास गिळला जाईपर्यंत थांबतो का, यावरून संगोपनाचा दर्जा कळतो. कारण एकाच कुशीवर पडून राहिल्यास दाबामुळे जखमा होतात आणि घाईने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. कोठे व कोणासोबत राहायचे हे निवडण्याचा दिव्यांग व्यक्तीचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातील कलम १९ ने मान्य केला आहे. म्हणून तिची स्वतःची इच्छा अवश्य विचारावी. घरी मदतनीस मिळाल्यास ती कुटुंबातच राहू शकणार असेल, तर माझ्या मते पैसा तिकडे वळवणेच योग्य. निवासाची गरज खरीच असेल, तर काही वर्षांची हमी द्यावी आणि थांबायचे झाल्यास बरेच आधी कळवावे. छायाचित्रे किंवा आभारपत्रे कृपया मागू नयेत.