वाचकांचे प्रश्न : चित्र आधी पाहा, पाटी नंतर वाचा

प्रश्न : मुलगी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. जानेवारीअखेर दोन महिन्यांसाठी आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. तिथल्या विज्ञान संग्रहालयात दर हिवाळ्यात कृष्णवर्णीय चित्रकारांचं प्रदर्शन असतं, असं ती म्हणते. विज्ञान संग्रहालयात चित्रं कशी? आणि एका दिवसात काय काय पाहून होईल? — ठाण्याच्या एक वाचक

उत्तर : मुलगी बरोबर सांगते आहे. या उपक्रमाचं नाव 'ब्लॅक क्रिएटिव्हिटी'. १९७० मध्ये तो 'ब्लॅक एस्थेटिक्स' या नावाने सुरू झाला, तेव्हा भर कलांवर होता. १९८४ पासून त्यात विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यक आलं, आणि आजचं नावही तेव्हाच पडलं. परीक्षकांनी निवडलेल्या चित्र-शिल्पांचं प्रदर्शन हा त्याचा गाभा. पूर्वी 'म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री' म्हणून ओळखलं जाणारं हे संग्रहालय २०२४ पासून 'ग्रिफिन' हे नाव पुढे लावतं. जुन्या नावाने शोधलंत तरी सापडेल.

विज्ञान संग्रहालयात चित्रं कशी, याचं उत्तर इमारतीतच आहे. शिकागोत १८९३ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनातलं हे कलादालन. बाकीचे बहुतेक मंडप प्लास्टर आणि तागाच्या मिश्रणाचे, काही महिन्यांपुरते उभारलेले होते. चित्रं उसनी देणाऱ्यांना मात्र आगीची भीती होती, म्हणून हे दालन आतून विटांचं बांधलं आणि म्हणून ते टिकलं. त्या प्रदर्शनात कृष्णवर्णीय अमेरिकनांना जवळजवळ जागाच नव्हती. गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस तिथे होते ते हैती देशाचे प्रतिनिधी म्हणून. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी डग्लस आणि इतरांना सोबत घेऊन 'आम्ही या प्रदर्शनात का नाही' हे सांगणारी पुस्तिका काढली आणि ती हैतीच्या मंडपातून वाटली. आज त्याच प्रदर्शनाच्या कलादालनात त्यांच्या लोकांची चित्रं लागतात. हे माहीत असलं की आत शिरताना पाय थोडे सावकाश पडतात.

आणखी एक धागा. १९३३ मध्ये हे संग्रहालय उघडलं ते सीअर्स कंपनीचे ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्या पैशातून. याच गृहस्थांनी अलाबामातल्या टस्कीगी शिक्षणसंस्थेच्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधण्याचं काम हाती घेतलं आणि सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. गावकऱ्यांनीही आपला वाटा उचलायचा, ही अट होती. कुणी पैसे दिले, कुणी लाकूड, कुणी अंगमेहनत.

आता जाण्याचं. प्रदर्शन साधारण जानेवारीच्या मध्यापासून, मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या सुमारास, सुरू होतं आणि वसंतापर्यंत चालतं. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, त्यामुळे तिकीट काढताना नक्की करा. चित्रांचं दालन नेहमीच्या प्रवेशतिकिटात येतं. तिथे ठेवलेल्या यू-५०५ या जर्मन पाणबुडीच्या आतली फेरी आणि काही खेळ यांचं तिकीट वेगळं. हिवाळ्यात संग्रहालय लवकर बंद होतं, म्हणून सकाळी उघडतानाच पोचा. नेपरव्हिलची गाडी युनियन स्टेशनला येते, आणि संग्रहालयाकडे जाणारी मेट्रा इलेक्ट्रिक ही लोकल मिलेनियम किंवा व्हॅन ब्युरेन स्टेशनातून सुटते. या दोन्हींमध्ये वीसेक मिनिटांची चाल आहे. मिशिगन तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यात ती चाल सोपी नाही, तेव्हा तेवढ्यापुरती टॅक्सी करा. उतरायचं ५५-५६-५७ स्ट्रीट स्टेशनवर.

नेहमी होणारी चूक अशी : नातवंडं आधी पाणबुडीकडे ओढतात आणि चित्रांसाठी शेवटची वीस मिनिटं उरतात. पहिला दीड तास चित्रांना द्या. आधी पाटी न वाचता चित्रासमोर दोन मिनिटं उभे राहा, मग पाटी वाचा, मग पुन्हा चित्र पाहा. शंभरावर कलाकृती असतात, सगळ्या पाहायच्या हट्टाने एकही दिसत नाही. दहा निवडा. कागदावरच्या चित्रांना आणि छायाचित्रांना संग्रहालयं सहसा ५० लक्सच्या आसपासच, म्हणजे मंद, उजेड देतात, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. तिथे थोडं अंधारल्यासारखं वाटलं तर डोळ्यांना वेळ द्या, मोबाइलचा फ्लॅश मात्र मारू नका.

दुसरा दिवस हाताशी असेल तर तिथून जवळच वॉशिंग्टन पार्कमध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं ड्यू सेबल संग्रहालय आहे. चित्रकार आणि शिक्षिका मार्गारेट बरोज आणि त्यांचे पती चार्ल्स यांनी ते १९६१ मध्ये राहत्या घरात सुरू केलं. तळ्याकाठच्या हमरस्त्यालाही २०२१ पासून ड्यू सेबल यांचंच नाव आहे. मूळ रहिवाशांखेरीज शिकागोच्या जागी पहिली कायमची वस्ती करणारा हा माणूस कृष्णवर्णीय होता.

प्रश्न : कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांच्या सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरलं आणि त्यातून संप्रेरकांचा शोध लागला, असं वाचलं. पाण्याने तेलातून हे कसं निघेल? वर्गात सांगायचं आहे. — रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक, जळगाव

उत्तर : संप्रेरक टाकीतून निघालं नाही. निघाला तो कच्चा माल, स्टिग्मास्टेरॉल हा वनस्पतीतला मेदासारखा पदार्थ. मुलांना इथेच थांबवून फरक सांगा.

ज्युलियन १९३६ पासून शिकागोच्या ग्लिडन कंपनीत सोयाबीनवर काम करत होते. १९४० मध्ये एक लाख गॅलनच्या, म्हणजे पावणेचार लाखांहून जास्त लिटरच्या टाकीत पाणी गळलं आणि तळाशी पांढरा गाळ जमला. दुसऱ्या कुणी 'माल वाया गेला' म्हणून टाकी धुऊन काढली असती. ज्युलियनना मात्र हे पांढरं काय असावं याचा अंदाज होता, कारण ते त्यांनी आधी पाहिलं होतं. डीपॉ विद्यापीठात कालाबार बीवर काम करताना बीचं तेल धुऊन बाजूला ठेवलं होतं, आणि त्यात असेच स्फटिक दिसले होते. तेही स्टिग्मास्टेरॉलच. वनस्पती-तेलात हे स्टेरॉल थोड्या प्रमाणात विरघळलेलं असतं. पाणी मिसळल्यावर ते तेलातून सुटून घट्ट झालं. नशिबाचा भाग एवढाच. पुढचं सगळं ओळख आणि मेहनत.

आता फळ्यावर काढण्याजोगं. सोयाबीनमध्ये सिटोस्टेरॉल आणि स्टिग्मास्टेरॉल दोन्ही असतात. चार वलयांचा सांगाडा दोघांत तोच. पण स्टिग्मास्टेरॉलच्या शेपटीत २२ आणि २३ क्रमांकाच्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे, सिटोस्टेरॉलच्या शेपटीत तो नाही. त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-संप्रेरक करायचं तर ही लांब शेपटी तोडावी लागते, आणि ओझोन तोडतो तो दुहेरी बंधावर. म्हणून त्या काळी कामाचं होतं ते स्टिग्मास्टेरॉल. अडचण अशी, की वलयातही ५-६ कार्बनवर एक दुहेरी बंध आहे आणि ओझोन त्यालाही धरतो. म्हणून आधी त्यावर ब्रोमीन चढवून तो झाकायचा, मग ओझोन, मग जस्ताने ब्रोमीन काढायचं. 'आधी झाकणं का?' हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारा. संरक्षक गटाची कल्पना इतकी स्वच्छ दाखवणारं उदाहरण सहसा मिळत नाही.

दुसरी चूक 'ज्युलियननी कॉर्टिझोन शोधलं' ही. तो शोध त्यांचा नव्हे. १९४९ मध्ये संधिवातावर कॉर्टिझोन या संप्रेरकाचा गुण दिसला तेव्हा ते प्राण्यांच्या पित्ताम्लापासून तीसहून अधिक टप्प्यांत बनत होतं आणि अतिशय महाग होतं. ज्युलियननी सोयाबीनपासून 'कंपाउंड एस' बनवण्याची सोपी रीत काढली. कॉर्टिझोनचं भावंड हायड्रोकॉर्टिझोन आणि कंपाउंड एस यांत फरक ११ व्या कार्बनवरच्या एका ऑक्सिजनचा. तो बसवायला पुढे सूक्ष्मजीव कामी आले. किंमत खाली आली ती अशा अनेक हातांनी.

'पहिले कृष्णवर्णीय अमुक' एवढंच सांगून थांबू नका; त्याने माणूस पदकापुरता उरतो. पण भोवतालही गाळू नका. १९५० मध्ये ज्युलियननी ओक पार्क उपनगरात घर घेतलं तेव्हा राहायला जाण्याआधीच कुणीतरी ते पेटवायचा प्रयत्न केला, आणि पुढच्या वर्षी त्यावर स्फोटकं फेकली. कुटुंब तिथेच राहिलं. हे दोन्ही एकाच तासात सांगा.

प्रश्न : शाळेत कार्व्हरांचं चरित्र वाचलं होतं. शेंगदाण्याचं लोणी त्यांनीच शोधलं ना? — एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. त्यांच्या आधीच इतरांनी त्याची पेटंटं घेतली होती. कार्व्हरांच्या नावावर पेटंटं तीनच : एक सौंदर्यप्रसाधनाचं, दोन रंगांची. त्यांचं मोठं काम जमिनीचं आहे. अलाबामात वर्षानुवर्षं कापूस घेऊन जमिनीतला नत्र संपला होता. भुईमूग आणि चवळी यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून कापसाच्या फेरपालटीला ही पिकं घ्या, असं ते सांगत. शेतकऱ्यांनी ऐकलं, पण शेंगा खपेनात. म्हणून १९१६ ची पुस्तिका : भुईमूग कसा लावावा, आणि तो खाण्याच्या १०५ रीती. पाककृती आल्या त्या पिकाला घरात गिऱ्हाईक मिळावं म्हणून.

कार्व्हर चित्रकारही होते, ही गोष्ट आपल्याकडे मागे पडते. सिम्प्सन कॉलेजात ते चित्रकला शिकत होते. त्यांची झाडांची चित्रं पाहून शिक्षिका एटा बड यांनीच त्यांना आयोवात शेतीशास्त्राकडे वळवलं. त्यांचं युका या झाडाचं चित्र १८९३ च्या त्याच शिकागो प्रदर्शनात लागलं आणि गौरवलं गेलं. टस्कीगीतल्या त्यांच्या नावाच्या संग्रहालयाला १९४७ मध्ये आग लागली आणि त्यांची बरीचशी चित्रं त्यात गेली.

प्रश्न : नात अमेरिकेत चौथीत आहे आणि भरतनाट्यम शिकते. फेब्रुवारीत वर्गात एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञावर बोलायचं आहे. कुणावर बोलू दे? — एक आजी, पुणे

उत्तर : मे जेमिसन. शिकागोत वाढलेल्या, डॉक्टर आणि नर्तिका. १२ सप्टेंबर १९९२ ला 'एंडेव्हर' यानातून अवकाशात गेल्या, तेव्हा सोबत अल्विन एली नृत्यसंस्थेचं पोस्टर नेलं होतं. त्या मोहिमेत बेडकाची अंडी अवकाशात फलित करून भारहीन अवस्थेत त्यांतून बेडूकमासे नीट वाढतात का, हेही पाहिलं, ते वाढले. मुलांना हा भाग नक्की आवडेल.

प्रश्न : शेजारच्या आफ्रिकन अमेरिकन मैत्रिणीची पंधरा वर्षांची मुलगी 'ब्लॅक क्रिएटिव्हिटी' प्रदर्शनासाठी अॅक्रिलिक चित्र पाठवणार आहे. मी तिला मदत करते आहे. काय सांभाळावं? — ऑरोरा, इलिनॉय

उत्तर : किशोरवयीनांचा गट वेगळा असतो. वयाची आणि मापाची अट त्या वर्षीच्या पत्रकातूनच घ्या.

परीक्षकांसमोर पहिल्यांदा जातो तो फोटो, आणि तिथेच पुष्कळ चांगली चित्रं मागे पडतात. चौकट न लावता चित्र भिंतीवर सरळ टांगा. कॅमेऱ्याची काच चित्राच्या बरोबर मध्यासमोर, समांतर हवी. वाकडा फोटो नंतर सरळ केला तर चित्राचं प्रमाण बिघडतं. मोबाइल असेल तर लांब उभं राहून दुप्पट झूमवर काढा, जवळून काढल्यास कडा फुगतात. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवा. एकाच दिव्याने अॅक्रिलिकवर चकाकी येते. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र नको, पांढरा रंग निळसर-पिवळट होतो. कडेची भिंत कापून टाका, सही ठेवा.

निवड झाली तर मागे दातेरी पट्टी नको, ती हलते आणि सुटते. वरून एक-तृतीयांश उंचीवर दोन्ही बाजूंना डी-रिंग (इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची कडी) स्क्रूने बसवा आणि तार अशी ओवा की ताणल्यावरही तिचा मध्य वरच्या कडेखाली ५ सेंमी राहील. तार वर डोकावली तर टांगल्यावर हुक दिसतो.

सगळ्यात जास्त नुकसान वाटेत होतं. अॅक्रिलिक तासाभरात हाताला कोरडं लागतं, पण आतून मुरायला आठवडे जातात. मुरल्यावरही उबेत ते मऊच असतं, म्हणून बबल रॅप थेट लावला तर गोल ठसे उठतात. आधी सिलिकॉनचा न चिकटणारा कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. थंडीत उलटं : शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास अॅक्रिलिक काचेसारखं कडक होतं आणि वाकलं की तडकतं. कॅनव्हास गुंडाळून नेऊ नका, ताणलेलाच न्या, गाडी आधी तापवा आणि डिकीत ठेवू नका. पोचल्यावर खोका २४ तास खोलीत बंदच राहू द्या. लगेच उघडला तर गार पृष्ठभागावर दव धरतं.

प्रश्न : मराठीत बोलताना-लिहिताना शब्द कोणता वापरावा? काळे, निग्रो, कृष्णवर्णीय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : लिहिताना 'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकन अमेरिकन'. 'निग्रो' हा शब्द जुन्या लेखनात येतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या दास्यविमोचनासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा तोच रूढ होता आणि मूळ मजकूर उद्धृत करताना तो तसाच ठेवावा. आज स्वतःच्या वाक्यात तो नको. संग्रहालयाच्या दालनात तर मराठीत, आपसात, हळू आवाजातही नको. बाकी वाक्य शेजारच्याला कळत नाही, तो एक शब्द मात्र कळतो.