स्पर्धेत उतरायचे नसेल, तर रोज धावण्याची प्रेरणा टिकवायची कशी?

आपण लिहिले आहे की स्पर्धेत उतरायचे नाही, वजनाचीही तक्रार नाही, केवळ बरे वाटते म्हणून धावायला सुरुवात केली. पण दर वेळी तीन आठवड्यांत उत्साह मावळतो. असे म्हणणाऱ्याला लोक सहसा एकच सल्ला देतात : एखाद्या शर्यतीत नाव नोंदवा, म्हणजे झक मारत धावाल. माझ्या थोरल्या भावाने मला हाच सल्ला दिला होता आणि त्यापायी माझे धावणे सात महिने बंद पडले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी साताऱ्याची. पतसंस्थेतल्या नोकरीत दिवसभर खुर्चीवर बसून पाठ आखडत असे, म्हणून 2014 मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, पहाटे पळायला जाऊ लागले. घरापासून राजवाडा, तिथून समर्थ मंदिराचा चढ, बोगदा आणि परत, असे जेमतेम चार किलोमीटर. किती वेळ लागतो हे मी कधी पाहिले नाही. चढावर धाप लागली की चालायचे, श्वास बसला की पुन्हा धावायचे. घरी येऊन अंघोळ करून डबा भरताना अंगात जो हलकेपणा असे, तो संध्याकाळपर्यंत पुरत असे. दोन वर्षांत माझे फार थोडे दिवस चुकले.

दादा महाविद्यालयात असताना 800 मीटर धावत असे. त्याचे ठाम मत असे की वेळ मोजली नाही तर ते धावणे नव्हे, नुसती दमणूक. 2016 च्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये त्याने माझे नाव नोंदवायला लावले, मनगटी घड्याळ भेट दिले आणि बारा आठवड्यांचे वेळापत्रक स्वतःच्या हाताने लिहून आमच्या फ्रिजवर चिकटवले. ही शर्यत साधी नाही. एकवीस किलोमीटरपैकी पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि उरलेला अर्धा त्याच रस्त्याने उतरायचे. सरावही ऐन पावसाळ्यात करावा लागतो. रोज संध्याकाळी ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सकाळी तरीही दमट असलेले बूट चढवायचे, हे मी आनंदाने केले असते. पण त्या घड्याळाने माझा घाट हिरावून घेतला. धुक्यात दोन हातांवरचे दिसत नाही, कड्यावरून पाणी कोसळते आहे, आणि मी मात्र वेग कमी पडल्याच्या इशाऱ्याकडे मान वळवून बघते आहे, असे ते तीन महिने गेले. ऑगस्टमध्ये उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. चार किलोमीटरवरून सहा आठवड्यांत चौदावर गेल्यावर दुसरे काय होणार होते?

शर्यत मी पूर्ण केली, दोन तास एक्केचाळीस मिनिटांत. आयोजन उत्तम होते आणि रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवत होते. दोष शर्यतीचा मुळीच नाही. गळ्यात पदक पडल्यावर दादाचे पहिले वाक्य होते, "पुढच्या वर्षी अडीच तासांच्या आत यायचं." उतारावर सगळा भार घेऊन तो पाय इतका दुखावला होता की मला जिना उतरताना कठड्याला धरावे लागत होते. पाय दोन महिन्यांत बरा झाला, मन झाले नाही. बूट दिसले की ते वेळापत्रक आठवायचे.

एप्रिलमध्ये एका पहाटे झोप लागेना म्हणून घड्याळ न बांधता बाहेर पडले. राजवाड्यापाशी फुले विकणाऱ्या मावशी मोगऱ्याच्या पाटीवर ओले फडके पसरत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "कुठं होतीस गं इतकी? तू बोगद्याकडनं परत आलीस की मी चहा घ्यायची. तू यायची थांबलीस आणि माझा चहाच पुढं-मागं झाला." मी पुढे निघाले खरी, पण समर्थ मंदिराच्या चढावर माझे डोळे भरून आले. दोन वर्षे मी कोणाच्या तरी सकाळचा भाग होते आणि हे मला ठाऊकही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे की आपला उत्साह तीन आठवड्यांत संपतो, कारण आपण बहुधा फार जोरात धावता. बाजूच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, त्याहून जास्त वेग नको. पहिली दहा मिनिटे जड जातातच, श्वास आणि पाय यांचा मेळ बसायला तेवढा वेळ लागतो; मला घराच्या उंबऱ्याच्या आत कधीच धावावेसे वाटलेले नाही, ते राजवाडा ओलांडल्यावर वाटू लागते. हा सावकाशपणा आळशांनी काढलेली पळवाट आहे, असे दादा म्हणे. पीटर स्नेलला 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचे सुवर्णपदक मिळाले ते ज्यांच्या हाताखाली, त्या आर्थर लिडियार्ड यांनीच पुढे ऑकलंडमध्ये मध्यमवयीन माणसांना आणि हृदयविकारातून उठलेल्यांना बोलता येईल इतक्या वेगाने धावायला शिकवले. 1962 मध्ये बिल बॉवरमन हे अमेरिकी प्रशिक्षक तिथे पाहुणे म्हणून गेले, तेव्हा त्या मंडळींबरोबर धावताना ते मागे पडले आणि सत्तरी ओलांडलेला एक हृदयरोगी त्यांना सोबत म्हणून मागे थांबला. दादाच्या आवडत्या 800 मीटरच्या गुरूचेच हे म्हणणे आहे, हे मी त्याला सांगितले आहे.

गुडघ्यांचेही तसेच. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचे प्रमाण हौसेने धावणाऱ्यांत सुमारे 3.5 टक्के, न धावणाऱ्यांत सुमारे 10 टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत सुमारे 13 टक्के आढळले. धावल्यामुळेच गुडघे वाचतात असे यावरून सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावायला जात नाहीत; पण "हौशी धावण्याने गुडघे जातात" हे विधान यापुढे कोणी माझ्यासमोर करू नये.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. रोज म्हणजे आठवड्याचे सातही दिवस नव्हे. मी सोमवारी आणि गुरुवारी धावत नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. शर्यतीचा ज्यांना खरोखर उपयोग होतो अशी माणसे असतात आणि दादा त्यांपैकी आहे. छप्पनाव्या वर्षीही तो माझ्यापेक्षा अधिक नियमित धावतो. मागच्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा आम्ही बरोबर निघालो. चढावर तो पुढे गेला, बोगद्यापाशी घड्याळ बघत थांबला आणि मी पोहोचल्यावर किती मिनिटे लागली ते त्याने सांगितले नाही. परतताना राजवाड्याजवळ मावशींचा चहा आला होता, तो त्यांनी तीन कपांत वाटला.