कॉन्टेसाला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावण्याआधी एवढं बघा
भाऊ, तुमच्या जुन्या कॉन्टेसा कारला पीपीएफ लावायचं विचारलंत; ती अजून कंपनीच्याच रंगात म्हणजे लई भारी, 2002 पासून ही गाडी बनतच नाही त्यामुळं घाई करू नका. आधी मीटरनं रंगाची जाडी चेक करा, कुठं रीपेंट किंवा पुट्टी असंल तर पुढं फिल्म काढताना रंगाचा पापुद्राच सोबत उचलून येतो बरं का. गंजाचे फोड आधी काढा, फिल्मखाली गंज थांबत नाही.

पूर्ण गाडी नको, बॉनेटचं नाक आणि चाकांमागचा पत्रा बास, गिट्टी तिथंच लागते.

नवीन लोकं हमखास चुकतात ते:
- स्वस्त पीव्हीसी प्लास्टिकची फिल्म घेतात, मराठवाड्याच्या उन्हात पिवळी पडते. टीपीयूचीच (लवचिक, टिकाऊ प्लास्टिक) घ्या.
- फिल्म गाडीवरच ब्लेडनं कापू देतात, चरा थेट रंगात जातो.
- बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात सोडतात, क्षाराचे डाग बसतात.

सिरॅमिक कोटिंगचं (रंगावर लावायचा संरक्षक थर) नंतर बोलू, आधी मीटरचे आकडे टाका.